माऊलीला नोकरी नको होती

शहागंजातल्या एका भांड्यांच्या होलसेल दुकानात कामाला माणूस ठेवायचा असला की मुलाखत आता माऊली घेतो. समोरच्याला तो आधी चहा विचारतो. उमेदवार "नको" म्हणाला की कढया रचणारे जुने कामगार माना खाली घालून हसतात आणि माऊलीचे कान लाल होतात. कारण माऊलीसाहेबांची स्वतःची मुलाखत अख्ख्या दुकानाला तोंडपाठ आहे.

बारावी झाल्यावर तो सिल्लोडजवळच्या गावाहून इथं आला होता. नोकरी लागली तर शहरात राहून कॉलेज. नाही लागली तर संध्याकाळच्या एसटीनं परत, आणि पुढं जन्मभर मामाच्या आडतीवर मक्याची पोती. पोत्यांचा त्याला मनस्वी कंटाळा. पण आईनं, दगडाबाईनं, त्याला लहानपणापासून वळण लावलेलं. परक्याच्या दारात कुणी काही दिलं तर आधी नको म्हणायचं. पुन्हा दिलं तरी नकोच. हाताला धरून आग्रह झाला तरच घ्यायचं. "माणसानं हावरट दिसू नाय," असं ती म्हणायची. आमच्याकडं यामुळं कुणी उपाशी राहत नाही, कारण वाढणाराही तितकाच चिवट असतो.

दुकानाचे मालक यासीनभाई मात्र त्या दिवशी नोकर शोधायला बसले होते, पंगत वाढायला नव्हे.

"बैठ जा."

"नको, उभाच बरा हाय."

"चाय?"

"नको, आत्ताच झाला." झाला कसला, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"पगार कितना होना?"

"राहू द्या हो. पैसा काय तुमच्यापेक्षा मोठा हाय व्हय?"

यासीनभाईंनी चष्मा काढून त्याच्याकडं नीट पाहिलं. असला उमेदवार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "अरे, नौकरी होना की नक्को?"

"नको, कशाला उगं तुम्हाला तरास," माऊली सवयीनं म्हणाला.

"अच्छा," म्हणून यासीनभाईंनी पुढच्याला हाक मारली.

माऊली निवांत बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला. त्याच्या मते सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. नको म्हणून झालं होतं, आता आतून कुणीतरी धावत येऊन हाताला धरेल. नंतरचा गडी आत गेला, सांगितल्याबरोबर बसला, चहा प्याला आणि वर बिस्किटंही मागून घेतली. काय हावरट माणूस, असं माऊलीच्या मनात आलं. तेवढ्यात यासीनभाई त्या हावरटाला "कल से आ जा" म्हणाले, आणि माऊलीच्या पायाखालची जमीन सरकली.

दोन जागा होत्या, त्यातली एक गेली. दुपारच्या नमाजला निघालेले यासीनभाई पायरीवर त्याला अडखळले.

"तू गया नै अबी तक?"

माऊली त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. ते पुन्हा विचारतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी काही विचारलं नाही. टोपी नीट करून ते पायरी उतरूही लागले. घरी भाकरीसुद्धा त्यानं कधी मागितली नव्हती, आई न विचारता वाढायची.

"मला पाहिजे," तो म्हणाला.

"क्या?"

"नोकरी. मला लई पाहिजे नोकरी!" आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडचा बांगडीवाला उठून उभा राहिला. माऊलीला रडू फुटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. यासीनभाई हसले नाहीत. "तो बोलना था ना, बेटा," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणून सांगितलं.

संध्याकाळी त्यानं गावाकडं फोन लावला. नोकरी लागल्याचं सांगितलं. दगडाबाईनं भीतभीत विचारलं, "तू सोताहून मागितली नाय ना रे?"

"नाय, आई," माऊली म्हणाला. "हात धरून बसले व्हते. सोडतच नव्हते."

पलीकडं दगडाबाईचा ऊर भरून आला. ती शेजारणींना हाका मारू लागली.