बंद खोलीतली केळी

अर्धापुरात केळी पिकवायला डिग्री लागत नाही. मी मात्र माझी अर्धी डिग्री घेऊन बाबांच्या केळ्यांत हात घातला.

मी पुण्यातल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. तिथं मुख्य विषयासोबत बाकीचंही शिकावं लागतं, म्हणून मी तत्त्वज्ञान आणि तबला घेतलाय. (हे गावात एकदाच सांगितलं. पुन्हा धाडस झालं नाही.) लातूरला क्लास चालवणारे माझे मामा तर कॉलेजचं नाव निघालं तरी कपाळाला हात लावतात.

"दाजी, आर्ट्सच्या कॉलेजात कसली केमिस्ट्री?" मामा बाबांना म्हणाले. "तबल्यानं कोणाचा ताप उतरतो काय? पोरीला लातूरला धाडा. नीटची परीक्षा पुन्हा देऊ द्या, डॉक्टर होईल!"

बाबा विचारात पडले. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते; पुणे की लातूर, हे त्याच सुट्टीत ठरणार होतं. रसायनशास्त्र मला खरंच मनापासून आवडतं हो!

तेवढ्यात माहूरच्या देवीचा नवस फेडल्याचं जेवण आलं. आमच्याकडं जेवून निघालेल्या पाहुण्याच्या हातात घरच्या केळीची एक फणी द्यायचीच, अशी पद्धत. बाबा कच्चे घड धुरी द्यायला न्यायला लागले, तशी मी आडवी आले.

"बाबा, धूर कशाला? फळ पिकतं ते इथिलीन नावाच्या वायूनं. पिकलेल्या सफरचंदातून तो आपोआप निघतो. घडांत सफरचंदं ठेवायची अन् खोली बंद करायची. बस्स!"

"पिकतील ना नक्की?"

"न्हाई पिकली तर मी गुमान लातूरला जाते!"

(हे मी का बोलले, ते तत्त्वज्ञानाच्या सरांनाच विचारायला हवं.)

घड पत्र्याच्या खोलीत ठेवले. दाराच्या, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. आई रोज विचारायची, "डोकावू का गं?" मी ओरडायचे, "नको! वायू निसटेल!" महिना मे, गाव नांदेड जिल्ह्यातलं, वर पत्रा. आत भट्टी पेटल्यासारखं तापत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी दार उघडलं. केळी हिरवीगार!

"आगं, ही तर होती तशीच हायत की!" बाबा म्हणाले.

"बॅग भर," मागून मामा म्हणाले.

"थांबा, मामा!" मी एक केळं सोललं. आतून मऊ, गोड, अगदी पिकलेलं! "बाबा, पिकली! उष्णतेनं सालीचा रंग तेवढा बदलला न्हाई!"

"पाहुण्याला काय साल सोलून दाखवू? लोक म्हणतील, भाजीला केळी दिली!" असं म्हणत बाबांनी एक फणी उचलली. देठ हातात राहिला आणि केळी पटापटा खाली, त्यातली दोन मामांच्या पायांवर. दुसरी उचलली, तिचंही तेच. देठच सडले होते!

आईनं पदर खोचला. "बघून काय राहिले? बसा सोलायला!"

मग मी, बाबा आणि पोरांना डॉक्टर करणारे मामा ओळीनं केळी सोलत बसलो. आईनं त्यात दूध, साखर, वेलची घालून पातेलंभर शिकरण केली. पंगतीत जो तो म्हणत होता, "शिकरण लई भारी!" मामांची वाटी तर सारखी पुढं येत होती. पाहुण्यांच्या हातात द्यायला मात्र बाबांना बाजारातून केळी आणावी लागली. अर्धापूरच्या बागायतदारानं विकतची केळी आणली! दुकानदारानं दोनदा विचारलं म्हणे, "तुमालाच पायजेत?"

संध्याकाळी मामांनी विषय काढला. "मग दाजी, पोरीला लातूरला नेऊ ना?"



"न्हाई!" बाबा ताडकन म्हणाले. "लातूर लई जवळ पडतं. दर रविवारी घरी येईल. ती पुण्यातच शिकंल!"

माझ्या शिक्षणासाठी बाबा इतके ठामपणे कधीच उभे राहिले नव्हते.