माझ्या आवाजावर बेतलेला प्रीअँप

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. त्यातला मधला मी बोर्डाच्या अगदी बरोबर भोकात घातला होता. बाकीच्या दोघांची अदलाबदल झाली होती, पण हे मला माहीत नसल्यामुळे मी बाहेरच्या खोलीतून बायकोला ओरडून सांगत होतो, "अगं, माइकमध्ये जरा जोरात बोल ना!"

"अजून किती जोरात?" हे मला भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं. स्पीकरमधून डास गेल्यासारखं काहीतरी आलं. "खालच्या वहिनी गॅलरीत येऊन विचारून गेल्या, भांडताय का म्हणून."

आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आठवड्याला एका घराची पाळी. बायको वाचते सुंदर, पण आवाज असा की शेजारी बसलेल्यालाच वाटावं, आपल्याशी खासगी बोलतेय. गेल्या वर्षी मागच्या रांगेतल्या एका आजींनी भर वाचनात विचारलं, "पोरी, वाचतेस का मनातल्या मनात?" सगळे हसले, तीही हसली. यंदा पाळ्या ठरल्या तेव्हा मात्र घरी येऊन म्हणाली, "माझं नाव नका घालू म्हणून सांगितलंय मी."

ते मला काही पटेना. विहाराचा अँप्लिफायर म्हातारा झालाय, त्याला माइकचा बारीक आवाज झेपत नाही. मधे एक छोटा प्रीअँप बसवला की तोच आवाज वाढून पुढे जातो, असं मोबाइलवरच्या व्हिडिओत एक माणूस इतक्या सहजपणे सांगत होता की मी जाहीर करून टाकलं, "मी बनवतो. तू नाव घाल."

"आधी बनवा," ती म्हणाली.

कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी जन्मभर तारा जोडायच्या सोल्डरची रिळं मोजून दिली. वितळताना मात्र ते प्रथमच पाहिलं.

माझा डास घेऊन मी उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदाराने बोर्डाकडे एकदा पाहिलं. "साईं, ये तो उलटा बिठाया."

"पण चित्रात असंच आहे."

"चित्र नीचे से निकाला है. पाय आपल्याकडे करून बघायचं." मग ट्रान्झिस्टरची पुडी पुढे सरकवत म्हणाला, "दस ले जाओ. एखादा तरी सरळ बसेल."

दुसराच सरळ बसला. मी माइक तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणालो आणि स्पीकर असा फाटला की मी खुर्चीतून उठलो. व्हिडिओवाल्याने यावरही उपाय सांगितला होता: एक कपॅसिटर असतो, तो असला की आवाज फार वाढतो, काढला की कमी पण स्वच्छ होतो. मी काढला. पुन्हा हॅलो, हॅलो. वा! आवाज असा गोल आला की मीच मला दोनदा ऐकलं. ट्यूबलाइटची घरघर तेवढी येत होती. सगळं एका स्टीलच्या डब्यात घालून बोर्डाची अर्थची तार डब्याला जोडली, घरघर थांबली.

"यातलं शेंगदाण्याचं कूट कुठे ठेवलंत?" बायकोने विचारलं. मी तिला विज्ञान समजावत राहिलो. नाव मात्र तिने घातलं.

तिची पाळी सुरू होण्याआधी आम्ही दोघं विहारात जाऊन डबा जोडून बघितला. तिने एक परिच्छेद वाचला. मी मागच्या रांगेच्या जागी उभा होतो. काही नाही. पुन्हा गेल्या वर्षीसारखंच, ओठ हलताना दिसत होते. मी हात हलवून म्हणालो, "जोरात!" तिने माइक खाली ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी विहारातल्यांना सांगते, दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

डबा काखेत घेऊन घरी येताना डोक्यात आलं, की हा प्रीअँप मी कारखान्यातल्या मशीनच्या आवाजावर आवाज चढवायची सवय झालेल्या माझ्या घशाला जुळवलाय. ज्याला त्याची गरजच नाही, त्याच्यासाठी मी तो उत्तम बनवला होता.

मग सरळ तिच्या पुढ्यात बसलो. "तू मेथी निवड आणि नेहमीसारखं वाच. ओरडू नको." माइक मेथीच्या ताटाशेजारी. कपॅसिटर परत लावला, आणि तो फार उधळू नये म्हणून त्याच्या वाटेत एक छोटा रेझिस्टर घातला. मोठा घातला की ती पुसट व्हायची, लहान घातला की 'प' अक्षराला फटाका फुटायचा. ती तेच पान वाचत राहिली, मी बदलत राहिलो. एकदा ते पान खोलीभर तिच्याच आवाजात पसरलं. ती वाचायची थांबली. मेथीची काडी हातात तशीच. "ही मी?" म्हणाली. मग पुढचं पान उलटलं.

वाचनाच्या पहिल्या संध्याकाळी मी तिच्या शेजारीच, अँप्लिफायरजवळ बसलो होतो. ती सुरू झाली आणि पान उलटल्याची सळसळसुद्धा मागपर्यंत गेली. मला राहवेना. तिच्या कानाशी वाकून कुजबुजलो, "माइक थोडा लांब धर." तेही सगळ्या विहाराने ऐकलं. मागून त्याच आजी म्हणाल्या, "तुम्ही गप बसा हो, तिचं ऐकू द्या!"

घरी आल्यावर मी वाट बघत होतो, काहीतरी कौतुक होईल म्हणून. तिने चपला काढल्या आणि ग्रंथ उघडून बसली. "सगळ्यांना ऐकू जातंय म्हणजे चुकले तरी ऐकू जाणार," ती म्हणाली. "तुम्ही भाताचा कुकर लावा, मला उद्याचं वाचून ठेवू द्या."