वहिनी स्वतःचं गाणं वाजवत नसे

डीजे वहिनीचे हात गार पडले, की मी ओळखायचे, आज कार्यक्रम झकास होणार. घाटकोपरपासून पार मुलुंड-बोरिवलीपर्यंत बायकांच्या हळदी, बारशी, डोहाळजेवणं गाजवणारी ही बाई. पण लॅपटॉप उघडायच्या आधी माझं मनगट असं धरायची की बांगड्यांचे वळ उठायचे. चार वेळा बाथरूमला जाऊन यायची. "शुभे, आज कोण नाचलाच नाय तर?" हा तिचा ठरलेला प्रश्न. "न नाचायला काय धाड भरलीय त्यांना?" हे माझं ठरलेलं उत्तर. खरं सांगायचं तर माझीही पाचावर धारण बसलेली असायची. पण नणंदेचा रुबाब भावजयीसमोर असा सोडून देता येतो होय?

ती माझ्या थोरल्या भावाची बायको, मालवणकडची. डीजे झाली तीही अपघातानेच. बिल्डिंगच्या हळदीकुंकवाला सांगितलेला गाणीवाला आलाच नाही, तेव्हा वहिनीने आपला मोबाइल स्पीकरला जोडला आणि एकामागून एक अशी गाणी लावली, की सेक्रेटरीच्या जाडजूड सासूबाईसुद्धा खुर्ची सोडून उठल्या. मग मोबाइलवर बघून बघून ती शिकली. कुणाकडून तरी जुना कंट्रोलर घेतला. दोन चकत्यांची ती पेटी तिने महिनाभर ओट्यावर, पोळपाटाशेजारी ठेवली होती. माइक माझ्याकडे आला, कारण माझ्या आवाजाला माइक लागत नाही असं माझा भाऊ म्हणतो. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी सुटीच्या दिवशी तिच्याबरोबर फिरायला लागले.

वहिनी कधी लोकांच्या तोंडाकडे बघायची नाही. पायांकडे बघायची. "तोंडा हसतत गो. पायांका खोटा बोलूक येना नाय," असं म्हणायची. खुर्चीखाली एखादीची चप्पल हळूच ठेका धरायला लागली, की वहिनी पुढचं गाणं खास तिच्यासाठी काढायची आणि तिला मधोमध आणूनच सोडायची. चूक कधी व्हायची नाही. मी तर म्हणायचे, हिला माणसं रस्त्यात भेटली तर ही त्यांना चपलांवरून ओळखेल.

ती स्वतःही गाणी बनवायची, हे फार जणांना ठाऊक नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या दोघीतिघींना दुपारी घरात बोलवायची आणि फुगड्या घालायला लावायची. फुगडी रंगात आली की बायका तोंडाने जो "फू, फू" करतात ना, तो मोबाइलवर धरायची. त्याला खोबरं खवण्याचा आवाज जोडायची, खाली ढोल घालायची, वर स्वतःच गुणगुणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. "अगं, हे वाजव की उद्या!" मी म्हटलं. तर असा चेहरा केला, जणू मी तिला गच्चीवरून उडी मारायला सांगितलं.

यावरून तिचं आणि बाळाचं कायम वाजायचं. बाळा म्हणजे भांडुपचा डीजे, आम्हाला स्पीकर पुरवायचा. तो सगळीकडे स्वतःचंच वाजवायचा आणि त्यात दर दोन मिनिटांनी त्याचंच नाव गरजायचं. "वहिनी, स्वतःचं वाजवायचं नाही तर मग आपल्यात आणि पेनड्राइव्हमध्ये फरक काय?" तो म्हणायचा. मला पटायचं. वहिनीला नाही. "लग्न त्या पोरीचं आहे रे बाळा. तिच्या हळदीत तिच्या आवडीचं वाजायचं. मी माझं कशाला पुढे रेटू? आणि मीच वाजवायचं, मीच पायांकडे बघायचं, म्हणजे आपल्याच पोराचा पेपर आपणच तपासायचा. मी दोन मार्क जास्तच देणार." बाळा म्हणायचा, "मग बनवता कशाला?" त्यावर ती वायरी गुंडाळायला लागायची. घाबरट आहे झालं, असं मी तेव्हा मनात म्हणायचे. तोंडावरही म्हटलंय एकदा.

पण तिने त्यावर एक तोड काढली होती. गाणं पेनड्राइव्हवर घालून ती बाळालाच द्यायची. अट एकच, नाव सांगायचं नाही, ना तिचं ना त्याचं. आणि तो वाजवणार असेल त्या हळदीला आम्ही दोघी बिनबोलावता जायचो. मुलुंडच्या एका हॉलमध्ये तर नवऱ्याकडच्यांना वाटलं आम्ही नवरीकडच्या, आणि नवरीकडच्यांना वाटलं नवऱ्याकडच्या. आमच्या गालांना हळद काय लावली, जेवायचा आग्रह काय केला! वहिनीचं लक्ष कुठे होतं? खांबाआड उभी राहून, माझा दंड धरून ती जमिनीकडे बघत होती. आपल्याला कुणी "तुम्ही कोण?" विचारेल म्हणून माझा जीव वर-खाली होत होता, तिचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलेला. गाणं सुरू झालं. एक जोडी पाय थबकले. वहिनीने डोळे मिटले. "संपला, शुभे. संपला सगळा." आणि मग ते पाय उलट फिरले, त्या बाईने शेजारणीचे हात धरले, आणि बघता बघता हॉलभर फुगड्या! कुणाचं गाणं म्हणून कुणीसुद्धा विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर वहिनी घाटकोपर येईपर्यंत रडत होती. एवढं सुख मी तिच्या चेहऱ्यावर परत पाहिलं नाही, आणि त्याला कारण मी आहे.

मी तिच्या मागेच लागले होते. वर्षभर तिचं डोकं खाल्लं. "आपल्या बिल्डिंगच्या बायका आहेत, परक्या नाहीत. एकदा तूच वाजव. तुझ्या हाताने." शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती तयार झाली. "पण शुभे, तू एक शब्द बोलायचा नाहीस. शपथ घे." मी घेतली. संध्याकाळचे पाच वाजले होते, हॉल भरलेला, हातात वाणाच्या पिशव्या. तिने गाणं लावलं. बायका उठल्या हो! पिशव्या भिंतीशी टाकल्या, पदर खोचले. सगळा हॉल घुमायला लागला. आणि माझा ऊर असा भरून आला, की कधी माइक तोंडाशी नेला ते माझं मला कळलं नाही. "बायांनो, हे गाणं आपल्या वहिनीने स्वतः बनवलंय!"

पाय थांबले. सगळ्याच्या सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. कुणी मोबाइल काढले, कुणी "अगंबाई!" म्हणाल्या. आणि मग टाळ्या. सगळ्या शहाण्यासारख्या रांगेत उभ्या राहून, माना डोलावत, शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. वाईट कुणीच नव्हतं त्यात. पण एकही पाय हलला नाही. वहिनी पांढरीफटक पडली होती. तिने पुढचं नेहमीचं गाणं लावलं आणि कंट्रोलर माझ्यावर सोडून मागच्या पॅसेजमध्ये गेली. मी धावत गेले तर भिंतीला टेकून उभी. "टाळ्यो वाजवल्यानी गो," एवढंच म्हणाली. "नाचता नाचता थांबल्यो, आणि टाळ्यो वाजवल्यानी."

ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. मनगट धरायची, कार्यक्रम करायची, पण फुगडीवाल्या बायकांना परत घरी बोलावलं नाही. बाळाने विचारलं तर "सुचत नाय रे," म्हणायची. मला रात्र-रात्र झोप यायची नाही. एका वाक्यात मी माणसाची वाट लावली होती, तीही प्रेमाने. आता ही कधीच काही बनवणार नाही, या भीतीने माझं काळीज कुरतडलं जायचं, आणि ती भीती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

भाऊ रिटायर झाला आणि दोघं गावच्या घरी राहायला गेली. निघताना वहिनीने लॅपटॉप आणि ती पेटी माझ्या हातात दिली. "आता तू वाजव. तुझ्याकडे तोंड आहे, आता पाय बघायला शीक." मी नको नको म्हणत घेतली. पहिल्याच बारशाला मला कळलं, की माइक धरून उभं राहणं वेगळं आणि त्या पेटीमागे उभं राहणं वेगळं. लॅपटॉप उघडायच्या आधी मीच चार वेळा बाथरूमला जाऊन आले. इतकी वर्षं ही बाई हे कशी सोसत होती?

गावाहून तिचा रोज फोन यायचा, पण विषय माडांचा नाहीतर भावाच्या डायबेटिसचा. तीन वर्षं अशी गेली. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी मोबाइलवर तिने काहीतरी पाठवलं. गाणं! त्याला नाव नव्हतं. खाली लिहिलं होतं: "रविवारी बोरिवलीच्या डोहाळजेवणात वाजव. पुरं वाजव, मधे बंद करू नको. काही बोलू नको. आणि मला खोटं सांगू नको."

रविवारपर्यंत डोक्यात एकच विचार. हे जर पडलं, तर ती परत बनवणार नाही. आणि पडलं हे तिला सांगायचं मीच. दुपारी चार वाजता, सगळ्या रंगात आलेल्या असताना, देवाचं नाव घेतलं आणि लावलं.

पहिलं अर्धं मिनिट ठीक गेलं. मग एक बाई पाणी प्यायला गेली. दोघी गजरा नीट करायला बसल्या. बघता बघता जागा रिकामी. पोरीची आत्या माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, हे काय? नेहमीचं लावा ना!" माझं बोट बटणावर होतं. नुसतं दाबायचं, सुटले असते. बंद केलं नाही. पेटीमागून बाहेर आले, पदर खोचला, आणि त्या रिकाम्या जागेत, वयाची पन्नाशी उलटलेली, गुडघ्याचा पट्टा बांधलेली मी, एकटीच नाचायला लागले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणीही उठलं नाही. गाणं संपेपर्यंत मी थांबले नाही.

संध्याकाळी फोन वाजला. तीन वेळा वाजू दिला, चौथ्यांदा उचलला.

"लावलंस?"

"लावलं."

"पुरं?"

"पुरं."

"किती जणी नाचल्या?"

तोंडाशी आलं होतं, सगळ्या नाचल्या गं. "एक," मी म्हटलं.

"कोण?"

"मी."

मला वाटलं, गेलं. आता हे कायमचं गेलं.

"शुभे," वहिनी म्हणाली, "नाचताना पाय कुठे अडखळला तुझा? नेमका कुठे?"

"मधे तो ढोल थांबतो ना, तिथे..."

"थांब, थांब," ती म्हणाली. "पेन घेते."