गयाबाईंच्या आखाड्यावरचा वॉकीटॉकी

“मावशी, घात झाला. मायनं कोन्या सायबाला भाकर खायला बोलावलंय,” असं म्हणत उद्धव दुकानात शिरला आणि दोन वॉकीटॉकी माझ्या टेबलावर ठेवून घाम पुसत बसला.

“बोलावलं तर बोलावलं. तुझी माय कोणालाही बोलावते.”

“तसं न्हाई वो. सेटवरून बोलावलंय. तो माणूस तिकडं ड्यूटीवर बोलायलाय, आन् ही मधीच घुसली.”

मी हातातलं सोल्डरिंग आयर्न तसंच खाली ठेवलं. कारण हे सेट चालू करून, चॅनल लावून मीच त्याला दिले होते.

वालूरच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. माझं शिक्षण सातवी. आमचे मालक, म्हणजे यजमान, रेडिओ दुरुस्त करायचे, मी शेजारी बसून वायरी धरायची. धरता धरता शिकले. ते गेल्यावर दुकान बंद करायचा जीव होईना, म्हणून चालवत राहिले. आता रेडिओ कोणी आणत नाही. मिक्सर येतात, मोटारीचे स्टार्टर येतात, लग्नसराईत भोंगे येतात. वॉकीटॉकी पहिल्यांदाच आले होते, आणि मला इतका आनंद झाला की पाहायचं तेच पाहायचं राहिलं.

उद्धवची माय गयाबाई. पंचाहत्तरीच्या पुढं वय, अंगात साखर, आणि राहायचं आखाड्यावर. आखाडा म्हणजे शेतातलं घर. गावापासून दोन-अडीच किलोमीटर, मध्ये माळाचा उंचवटा. तिथं मोबाईलला रेंज नाही. गावात या म्हटलं की त्या म्हणायच्या, “आन् म्हैस?” गावातल्या घरात म्हशीला जागा नाही, आणि म्हशीला सोडून गयाबाई नाहीत. विषय संपला.

पण मागच्या उन्हाळ्यात त्यांना चक्कर आली आणि गोठ्याजवळ पडल्या. संध्याकाळी उद्धव दूध न्यायला गेला तेव्हा दिसल्या. दुपारपासून पडून होत्या. त्या दिवसापासून उद्धवला शांत झोप नाही. त्यानं फोनवर शोधून हे स्वस्तातले सेट मागवले. गयाबाईंना मोबाईल जमत नव्हता, पण ह्याला एकच बटण. दाबायचं, बोलायचं, सोडायचं, ऐकायचं. त्या अर्ध्या तासात शिकल्या.

“झालं काय नेमकं ते सांग,” मी म्हणाले.

“मायच्या हातानं वरची गोल कळ फिरली असंल. चॅनल बदललं. माय सांगायली, तिकडून एकजण म्हनाला, कळवा, कळवा. माय म्हनली, काय कळवू रं बाबा, तुझा आवाज लय उतरलाय, जेवलास का?”

“अरे देवा. मग?”

“तो म्हनाला, कोन बोलतंय? ही लाईन सोडा. माय म्हनली, मी गया, उद्धवची माय. माळाखालच्या आखाड्यावर ये, भाकर करायलेय.”

“पत्ता पण दिला?”

“समदा पत्ता दिला, मावशी.”

मला हसूही येत होतं आणि धास्तीही वाटत होती. मी सेट उलटे केले, चष्मा लावला. पाठीवर लिहिलं होतं पाच वॅट, आणि सेट लहरींच्या भल्यामोठ्या पट्ट्यावर बोलणारा. आता हे सोपं करून सांगते. हवेतून आवाज जातो त्याचे रस्ते वाटून दिलेले आहेत. पोलिसांचा वेगळा, रेल्वेचा वेगळा, विमानांचा वेगळा. त्यांच्या रस्त्यावर आपण परवान्याशिवाय बोललो तर तो गुन्हा. भाकरीचं विचारलं तरी गुन्हाच. कारण तेवढ्या वेळात तिकडं कोणाला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायची असेल, तर त्याचा आवाज आपल्याखाली दबतो. आपल्यासारख्यांसाठी एक अरुंद पायवाट मोकळी ठेवलेली आहे. चारशे शेहेचाळीस मेगाहर्ट्झची. तिथं अर्ध्या वॅटपर्यंतचा सेट बिनपरवान्याचा चालतो. मात्र त्या मॉडेलला सरकारी मान्यतेचा कागद असायला पाहिजे.

“पन मावशी, खुल्लम खुल्ला विकायलेत की. मंग बेकायदा कसं?”

“विकणारा विकून मोकळा होतो. बटण तुझी माय दाबते.”

“मंग ह्यातच ती पायवाट भरून द्या ना.”

“भरता येईल. पण ह्या मॉडेलला कागदच नाही. आणि कळ पुन्हा फिरली तर पुन्हा तेच.”

मी दोन्ही सेटांच्या बॅटऱ्या काढल्या. विकणाऱ्याला कळवून सेट परत घ्यायला लावले. तो आधी नाही म्हणाला. ग्राहक तक्रारीचं नाव काढल्यावर हो म्हणाला. चूक माझीही होती, ती मी उद्धवला सांगितली. आवाज स्वच्छ येतो एवढंच मी पाहिलं, कुठून येतो ते पाहिलं नाही. चौकशीला कोणी आलंच तर माझ्या दुकानाचं नाव सांग, म्हणाले. आठ दिवस आम्ही वाट पाहिली. कोणी आलं नाही. गयाबाई मात्र विचारत राहिल्या, “त्या लेकराला कुनी जेवू घातलं का न्हाई?”

पण आता त्या पुन्हा एकट्या होत्या, आणि ऊन वाढत होतं. म्हणून नवी जोडी आणायला मी स्वतः परभणीला गेले.

दुकानदार तरुण होता. म्हणाला, “काकू, हा घ्या. लायसन्स लागत नाही.”

“कागद दाखवा.”

“कागद आहे की.” त्यानं मोबाईलवर दाखवला.

मी खोक्यावरचा मॉडेल नंबर आणि कागदावरचा नंबर शेजारी शेजारी धरले. “शेवटची दोन अक्षरं वेगळी आहेत.”

“एकच असतं ते, काकू.”

“एकच असतं तर दोन नंबर कशाला दिले?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आतून दुसरं खोकं आणलं. ते जुळलं. अर्धा वॅट, ॲन्टिना सेटलाच पक्का, चॅनल मोजके. जोडी घेतली आणि बसनं परत आले.

दुसऱ्या दिवशी चाचणी. मी आखाड्यावर, उद्धव गावाकडं चालत निघालेला. माळाच्या चढापर्यंत आवाज खणखणीत. माळ ओलांडला आणि नुसती खरखर. अर्ध्या वॅटचा जीव तो केवढा! सपाट रानात जातो, मातीच्या ढिगातून जात नाही. नियमानं बाहेर उंच ॲन्टिना लावायचाही नाही. उद्धव परत आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

“मधल्या माणसाकडं एक सेट दिला तर?” मी म्हणाले. “माळावर कोण राहतं?”

उद्धवनं मायकडं पाहिलं. गयाबाईंनी म्हशीकडं तोंड फिरवलं.

माळावर कौसाबाई राहायच्या, गयाबाईंची धाकटी जाऊ. दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. गयाबाईंनी म्हशीची वगार, म्हणजे तिची लहान पारडी, जावेला देते म्हणून शब्द दिला होता आणि दिली बहिणीला. एवढंच कारण. पण अकरा वर्षांत त्या वगारीची म्हैस झाली आणि अबोल्याचा डोंगर.

मीच गेले कौसाबाईंकडं. त्या ज्वारी पाखडत होत्या.

“मी तिच्याशी बोलनार न्हाई, आधीच सांगते.”

“नका बोलू. उद्धवशी बोला. गयाबाईंनी सकाळ, दुपार, संध्याकाळ बटण दाबून ‘बरी हाय’ म्हणायचं. ते तुम्हाला ऐकू येतं, गावात येत नाही. तुम्ही उद्धवला सांगायचं. टपालवाल्याला काय, पत्रातल्या माणसाशी सोयरीक करावी लागते का?”

“आन् न्हाई बोलली ती, तर?”

“तर तेही उद्धवला सांगायचं.”

त्यांनी सुपातले दोन खडे वेचून फेकले. मग हात पुढं केला. “बटन कुठलं?”

मी तिसरा सेट आणला, तेच मॉडेल. काम सुरू झालं. गयाबाई म्हणायच्या, “बरी हाय.” मग कौसाबाई तितक्याच कोरड्या आवाजात, “उद्धव, तुझी माय बरी हाय म्हनली.” गयाबाईंना ते सगळं ऐकू जायचं, पण उत्तर द्यायच्या नाहीत. एकदा गयाबाई म्हणाल्या, “उद्धव, म्हैस चारा खाईना.” कौसाबाईंनी निरोप दिला आणि पुढं स्वतःचं जोडलं, “तिला ओवा-गूळ द्यायला सांग. इतकी वर्षं म्हशी सांभाळून कळंना व्हय!” त्या दिवशी म्हशीला ओवा-गूळ मिळाला. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी गयाबाई बोलल्याच नाहीत.

पुढचं मला कौसाबाईंनी सांगितलं. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग बटण दाबून उद्धवला हाक मारली. उद्धव सेलूला गेला होता, सेट घरात खुंटीला. पुन्हा हाक मारली. कोणी नाही. सेट हातात धरून त्या दारात उभ्या राहिल्या आणि अकरा वर्षांनी म्हणाल्या, “अक्का. अवं अक्का, म्या कौसा. बोल की.”

सेटमधून आवाज आला नाही. नुसती खरखर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. म्हणजे पलीकडून कोणीतरी बटण दाबलं होतं, बोलता येत नव्हतं.

कौसाबाई चपला न घालता माळ उतरल्या. चढताना गुडघ्याला हात लावून चढणारी बाई. जाताना सेटमध्ये बोलतच होत्या, “आले बग, आले, डोळे मिटू नगं. ती वगार गेली खड्ड्यात, तू डोळे मिटू नगं.”

गयाबाई बाजेशेजारी घामानं भिजून पडल्या होत्या. सेट छातीशी. सकाळी गोळी घेतली होती आणि म्हशीच्या नादात भाकर राहिली होती. साखर खाली गेली होती. कौसाबाईंनी गयाबाई शुद्धीत आहेत, गिळताहेत हे पाहिलं आणि गुळाचं पाणी घोटघोट पाजलं. मग शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर थांबवला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. गोळीचं माप कमी करून दिलं आणि उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही असं बजावलं.

मी भेटायला गेले तेव्हा कौसाबाई खाटेच्या कडेला बसून संत्रं सोलत होत्या. गयाबाई मला म्हणाल्या, “हिचा आवाज सेटमधून लय गोड येतो. समोर बसली की कडू.” कौसाबाईंनी सोललेली फोड त्यांच्या तोंडात कोंबली, “खा गप.”

महिन्याभरानं उद्धव दोन सेट घेऊन पुन्हा दुकानात आला. “मावशी, बॅटऱ्या बाद निघाल्या. दिवसभर टिकतील म्हनला होता दुकानदार. दुपारीच बसायल्यात.”

मी दोन्ही बॅटऱ्या तपासल्या. ठणठणीत होत्या. मग त्याच्या घरच्या सेटबद्दल विचारलं. तो नीट चालत होता. बाद फक्त माळावरची आणि आखाड्यावरची.

सेट घेणाऱ्यांना मी आता तीन गोष्टी सांगते. मान्यतेचा कागद मागा, मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा, आणि घेण्याआधी आपल्याच रानात चालून बघा. खोक्यावर बॅटरीचे तास लिहिलेले असतात, ते कमी बोलणाऱ्यांसाठी असतात. अकरा वर्षांचं बोलणं साठलेल्या दोन जावा असतील तर प्रत्येकीला एक जास्तीची बॅटरी घ्या.