पुढची जागा

आमच्या गावच्या मास्तरांची अक्कल किती होती हे सांगायला एक गोष्ट पुरे. त्यांनी बहिऱ्या मुलीला सगळ्यात मागे बसवलं. कारण काय, तर तिला ऐकूच येत नाही, मग पुढची जागा फुकट कशाला घालवायची!

ती मुलगी माझी. पाचव्या वर्षी तिला गोवर निघाला आणि जाताना कान घेऊन गेला. त्याआधी ती घडाघडा बोलायची, म्हणून वाचा राहिली, जराशी ओबडधोबड. ओठ बघून बोलणं ओळखायला मात्र ती आपली आपणच शिकली. मी ओट्यावरून नुसते ओठ हलवले तरी अंगणातून सरपण उचलून आणायची. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, एवढीच तिची अट. माझं माहेर आटगावचं, तिथे मी चार इयत्ता शिकले होते, म्हणून अक्षरं मी घरीच गिरवून घेतली आणि तिला शाळेत घातलं. दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. हुशार पोरं मास्तरांपुढे, मग उतरती भाजणी, आणि सगळ्यांत शेवटी दाराशी माझी मुलगी. मास्तरांच्या गालात कायम तंबाखू, तोंडावर उपरण्याचा पदर. तेवढ्या अंतरावरून ओठ काय, मास्तरांच्या मिशासुद्धा दिसत नव्हत्या.

मी शाळेत गेले आणि म्हटलं, "मास्तर, हिला पुढे बसवा, आणि बोलताना तोंड उघडं ठेवा."

मास्तर हसले. "वहिनी, गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता."

मग मी शाळा कमिटीकडे गेले. कमिटी म्हणजे पारावर बसून विड्या ओढणारे तिघे. तिघांत मिळून एकाला सही येत होती आणि तोच अध्यक्ष. तो म्हणाला, "पोरीची जात, त्यात बहिरी. तिला गुरांमागं धाड गो. वाघ वरडला तरी भ्यायची नाय." बाकीचे दोघे खो खो हसले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "कशाला मास्तरांशी वैर घेतेस?" असल्या माणसांत मला दिवस काढायचे होते.

पुढे मुरबाडहून साहेब शाळा तपासायला येणार असं कळलं. अशा दिवशी मास्तरांची एक रीत असे. 'ढ' पोरांना पत्रावळीसाठी पळसाची पानं आणायला रानात पिटाळायचं, आणि उरलेल्यांना जागेप्रमाणे एकेक उत्तर घोकवून ठेवायचं. साहेब दरवर्षी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे. पहिल्या पोराने 'ठाणे' म्हणायचं, दुसऱ्याने 'साठ', तिसऱ्याने 'गोदावरी', चौथ्याने 'दूध'. प्रश्नाशी कुणाचा काही संबंध नसे.

साहेबांच्या चहाला दूध द्यायची पाळी आमची होती. मी दुधाचा तांब्या घेऊन निघाले, तर माझी मुलगी पानांसाठी रानाकडे चाललेली. तिचा हात धरून मी तिला परत आणलं आणि मास्तर साहेबांना हार घालत होते तेवढ्यात सगळ्यात पुढे, पहिल्या पोराच्याही अलीकडे बसवलं. मास्तरांनी डोळे वटारले. पण साहेबांसमोर काय बोलणार?

साहेबांनी पहिल्या जागेपासून सुरुवात केली. माणूस गुळगुळीत दाढी केलेला, बोलणं सावकाश. "बाळ, आपला जिल्हा कोणता?" मुलीने ओठांकडे नीट पाहिलं आणि पाटीवर लिहून दाखवलं, ठाणे.

"शाबास. बारा पंचे?"

"ठाणे!" शेजारचा पोरगा ओरडला.

"नाशिकजवळ उगम पावणारी नदी?"

"साठ!"

"गाय काय देते?"

"गोदावरी!"

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी तो पोटभर पाहिला. त्या दिवशी देवळात प्रश्न कळलेली एकटी माझी बहिरी मुलगी होती. साहेबांनी मला विचारलं, मी मागची जागा आणि उपरणं दोन्ही सांगितलं, आणि जाताना त्यांनी मास्तरांना बजावलं, "ही मुलगी पुढेच बसेल. आणि ते उपरणं तोंडावरून काढा."

दुसऱ्या दिवशी ती पुढे बसली. मी दिवसभर विजयाच्या तोऱ्यात होते. शेजारणीलाही दोनदा सांगून आले.

संध्याकाळी मुलगी घरी आली. पाटी कोनाड्यात ठेवली आणि माझ्यासमोर बसून विचारलं, "आये, दगड म्हंजे मीच ना गो?"

मास्तर तिला पहिल्या दिवसापासून दगड म्हणत होते. सगळ्या शाळेला ते माहीत होतं, फक्त तिला नव्हतं, कारण दाराशी बसून ते दिसत नव्हतं. भांडून भांडून मी तिला ते दाखवलं होतं. मला रडू आलं, आणि त्या माणसाचा असा तिटकारा आला की तो अजून गेलेला नाही.

"मग परत मागं बसतेस का?" मी विचारलं.

तिने माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि मान हलवली. "नाय. पुढंच बसीन. दगड म्हनले, पन मंग बाराचा पाडा सांगितला."

आणि तिने तो मला शेवटपर्यंत म्हणून दाखवला.