दादांना दाखवलेलं जंगल

दादांना, माझ्या वडिलांना, जाऊन सहा आठवडे झाले. हॅमिल्टनमधली आमची मराठी मंडळी भेटायला येतात आणि एकच म्हणतात, "नशीबवान हो तुमचे वडील! शेवटी शेवटी मुलानं कॅम्परव्हॅननं जंगल दाखवलं." मी मान हलवतो, चहा पुढे करतो. तोंडानं सांगायचं धाडस नाही, म्हणून लिहितोय.

पोट दुखतं म्हणून त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. दादांचं इंग्रजी यथातथाच. दुभाषा बोलवू का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मी मुलगा आहे ना," मी म्हणालो. मग त्यांनी सांगितलं, कॅन्सर यकृतात पसरलाय, दोनेक महिने आहेत. मायदेशी जायचं असेल तर याच महिन्यात जाऊ द्या.

"काय म्हणतायत?" दादांनी विचारलं.

"सूज आहे, औषधानं उतरेल. पण सध्या विमानप्रवास नको म्हणतायत."

पेशंटला असलं काही तोंडावर सांगायचं नाही, हे आपल्याकडे ठरलेलंच. पण विमानाचं वाक्य माझं होतं. दादांनी आजऱ्याला जायचा धोशा लावला होता. तिथं त्यांची थोरली बहीण, आक्काआत्या. दादांची आई ते लहान असतानाच गेली, आक्कानंच त्यांना वाढवलं. आता मांडीचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळलेली. दादा तिकडे गेले असते तर पुन्हा दिसले नसते. मला ते माझ्याजवळ हवे होते... इतका हलकट स्वार्थ.

त्यांचं मन रमावं म्हणून कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली आणि नॅशनल पार्कातल्या जुन्या जंगलात चार दिवस मुक्काम ठोकला. शेकडो वर्षांचे रिमू वृक्ष, खाली गुडघाभर नेचे, सगळीकडे ओल. दादांनी वनखात्यात नोकरी केलेली. कानटोपी घालून ते एका बुंध्यापाशी गेले, सवयीनं विती टाकत घेर मोजू लागले आणि मध्येच थांबले.

"झाडं जन्मभर पाहिली रे. हे चार दिवस आक्काकडे काढले असते... डॉक्टरांना परत विचार ना."

"विचारतो," मी म्हणालो. गाडीतल्या गॅसवर पिठलं ढवळत होतो, मान वर केली नाही.

माझी चौदा वर्षांची सानिका मराठी बोलत नाही, पण तिला सगळं समजतं. हॉस्पिटलात ती आमच्याबरोबर होती, जंगलातही. त्या संध्याकाळी गाडीत म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हिम. ही नीड्स टू नो." मी तिच्यावर खेकसलो.

"काय म्हणते पोरगी?" दादांनी विचारलं.

"पाऊस येईल म्हणते."

सानिका उठून बाहेर गेली. अजूनही ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

परतल्यावर सतराव्या दिवशी दादा गेले. आत्याला मीच फोन केला. वाटलं, शिव्या घालेल; घालायला हव्या होत्या. ती बराच वेळ नुसती रडत राहिली. मग म्हणाली, "मागच्याच आठवड्यात फोन केला होता त्यानं. म्हणाला, डॉक्टर नको म्हणतायत, पण मी येतोच बघ आक्का. मीच म्हटलं, डॉक्टरांचं ऐक बाबा, सावकाश ये, मी कुठं जातेय... मीच अडवला रे त्याला."

मी म्हणालो, "आत्या, तू जेवून घे."