विसर्जनाच्या तारखेची सही

“दार कोण उघडतं?” कुठल्याही कंपनीची फाइल हातात आली की माझे ज्येष्ठ सहकारी आधी हे विचारत. फ्रांकफुर्टच्या आमच्या बँकेत परदेशी कंपन्यांचं खातं उघडण्याआधी त्या खरोखर आहेत का, हे तपासायचं काम आम्हा दोघांकडे होतं. कागदावर सगळ्याच असतात. दार वाजवल्यावर कुणी बाहेर येतं का, एवढंच त्यांना हवं असे.

ते मॉरिशसचे. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. तिथल्या सरकारी नियामक कार्यालयात बँका तपासण्यात उमेदीची वर्षं घालवून ते इथे आले. त्यांची मराठी तिथल्या शाळेत शिकलेली, म्हणून आमच्यापेक्षा शुद्ध. मी “टर्मिन कॅन्सल करते” म्हणाले की ते विचारत, “ताई, भेट रद्द करता काय?”

“लहान बेटावर नियम लावणं अवघड,” ते सांगत. “सकाळी ज्याला नोटीस, संध्याकाळी त्याच्याच मुलीच्या लग्नाला जेवण.”

“मग जेवायचात?”

“जेवायचो. नोटीस आधी पोचलेली असायची.”

एकदा मॉरिशसच्याच कंपनीची फाइल आली. साहेबांना ती दुपारपर्यंत हवी होती. मी वाचून ठीक म्हटलं होतं. तिथल्या परवानाधारक एजंटाने कंपनीच्या कार्यालयात स्वतः जाऊन, दोन कर्मचाऱ्यांना भेटल्याचं लिहून सही केली होती.

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. “आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. या दिवशी विसर्जन, सगळ्या बेटाला सुट्टी. हे कर्मचारी भेटले कुठे, समुद्रात?”

मला हे दिसणं शक्य नव्हतं. इथल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती हॉल मिळेल त्या शनिवारी बसतो.

मग बोट सहीवर गेलं. “हा माझा थोरला भाऊ.”

भावाचा परवाना जाणार, हे आम्हा दोघांनाही कळलं.

“अहो, फाइल माझ्याकडे द्या,” मी म्हटलं. “नातं आहे. नियमानेही तुम्ही बाजूला व्हायला हवं.”

“होतो. पण तारीख मी पाहिली, हे लिहून बाजूला होतो.”

नातं, तारीख, सुट्टी. चार ओळी लिहिल्या, सही केली आणि मला विचारलं, “जर्मन बरोबर आहे ना?” एक चूक होती. मी सुधारली.

परवाना गेला. भावाचे फोन बंद झाले. घरचा गणपती भावाकडे असे. त्यानंतरच्या गणपतीला ते बेटावर गेले नाहीत. आमच्या शनिवारच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत उभे राहून त्यांनी आरती म्हटली, एकही कडवं न गाळता.

त्याच्या पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि गणपतीच्या आधी आठवडाभर बेटावर निघाले. बॅगेत पुतण्यांसाठी मार्झिपानचे, इथल्या बदामी मिठाईचे, डबे होते.

“भाऊ बोलतो?” मी विचारलं.

“नाही. पण आरतीला मी उभा राहणार. हाकललं, तर परत येईन.”

आले नाहीत. म्हणजे हाकललं नसावं. पुराव्याशिवाय मी काही धरून चालत नाही. एवढं मात्र धरून चालते.